लिंकन घराण्याचा माग : हिंगहॅमपासून केंटकीपर्यंत, जुन्या कागदांच्या आधारे

केंटकीकर

१८४८ साली अब्राहम लिंकन इलिनॉयचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये होता. त्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांशी त्याचा पत्रव्यवहार झाला. त्यांना जाणून घ्यायचं होतं, तुमचं घराणं मूळचं कुठलं? लिंकनने ठाऊक होतं तेवढं सगळं कळवलं. आजोबांचंही नाव अब्राहम, ते १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) केंटकीला आले आणि दोन वर्षांनी इंडियनांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, हल्ल्यात मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाला आले आणि ते क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होते, असं घरात ऐकिवात आहे. त्यामागचं काही ठाऊक नाही. मग त्याने व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकनलाही पत्रं लिहून चौकशी केली. अकरा वर्षांनी स्वतःची छोटी हकिकत लिहिताना त्याने नमूद केलं, की न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्सकडच्या ईशान्य भागातल्या) लिंकनांशी नातं जोडू पाहिलं, पण एनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावं दोन्हीकडे आहेत, याहून जास्त काही हाती लागलं नाही.

नातं होतं. हिंगहॅमच्या सॅम्युएल लिंकनपासून राष्ट्राध्यक्ष लिंकनपर्यंत सरळ सात पिढ्या आहेत. त्याच्या हयातीत ते कोणी सिद्ध करू शकलं नाही, आणि तो गेल्यावर वीसेक वर्षांत ते उलगडलं. हे कसं झालं ते मला इथे सविस्तर मांडायचं आहे, कारण जुन्या अमेरिकन घराण्यांचा शोध कसा घ्यावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मी केंटकीत राहतो, इथल्या ग्रंथालयाच्या वंशावळ विभागात सेवा म्हणून मदत करतो. येणारा प्रत्येक जण आडनाव घेऊन येतो आणि आडनावाच्या मागे धावतो. माझं सांगणं एकच असतं : माणसाच्या मागे धावू नका, त्याच्या जमिनीच्या मागे जा. नावं बदलतात, वयं चुकीची सांगितली जातात, आठवणी पुसट होतात. जमीन मात्र तिथेच असते, आणि ती घेताना, विकताना, वाटून देताना कायद्याला प्रत्येक वेळी कागद लागतो.

पहिला कागद मात्र जमिनीचा नाही, प्रवासाचा आहे. एप्रिल १६३७ मध्ये इंग्लंड सोडणाऱ्यांची तपासणी झाली, तिची नोंद टिकून आहे. नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉस, वय ५७, बायको लिडिया, वय ४९, एक मुलगी मेरी आणि दोन नोकर : 'सॅम्युएल लिंकॉर्न', वय १८, आणि अ‍ॅन स्मिथ, वय १९. न्यू इंग्लंडला जाऊन वस्ती करू इच्छितात. हा लिंकॉर्न म्हणजेच आपला सॅम्युएल. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या मूळ हिंगहॅम गावातल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ चा आहे, म्हणजे जहाजात चढताना पोराला पंधरावंही पुरं झालं नव्हतं. वय वाढवून सांगितलं असावं. पण एकाच माणसाच्या दोन कागदांत तीन-चार वर्षांचा फरक पडला म्हणून माणसं वेगळी ठरत नाहीत, हे इथेच शिकून घ्यावं.

तो आधी सेलमला उतरला आणि मग मॅसॅच्युसेट्समधल्या नव्या हिंगहॅमला गेला. त्याचे भाऊ तिथे आधीच पोचले होते. त्या गावात सुरुवातीच्या काळात थॉमस लिंकन नावाचेच चार जण होते. गावच्या नोंदी त्यांना धंद्यावरून ओळखतात : विणकर थॉमस, गिरणीवाला थॉमस, पिंपं बनवणारा थॉमस, शेतकरी थॉमस. विणकर थॉमस हा सॅम्युएलचा भाऊ. धंदा न पाहता नाव जुळवणाऱ्याची वंशावळ पहिल्याच पायरीवर भरकटते.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय (जन्म १६५७) लोहारकाम करणारा. शेजारच्या सिच्युएटमध्ये त्याची गिरणी आणि लोखंडाची भट्टी होती. त्याचे दोन मुलगे, धाकटा मॉर्डेकाय आणि अब्राहम, न्यूजर्सीतल्या मॉनमथ काउंटीत गेले. लोखंडाच्या धंद्यातली माणसं लोखंड आणि लाकूड असेल तिकडे सरकतात. धाकट्या मॉर्डेकायने न्यूजर्सीत हॅना सॉल्टरशी लग्न केलं. तिथल्या एका दफनभूमीत एक छोटा दगड आहे : 'डेबोरा लिंकन', वय ३ वर्षं ४ महिने, १५ मे १७२०. ही त्याची मुलगी. दगडावर आडनावाची अक्षरं आजच्यासारखी नाहीत, मधलं 'एल' गाळलेलं आहे. पुढे पेनसिल्व्हेनियात फ्रेंच क्रीकवरच्या भट्टीत त्याचा एक तृतीयांश हिस्सा होता, तो त्याने १७२५ मध्ये विकला आणि आजच्या बर्क्स काउंटीत जमीन घेऊन घर बांधलं. ते १७३३ चं दगडी घर अजून उभं आहे.

१७३६ मध्ये तो वारला. त्याच्या मृत्युपत्रावर वर्ष १७३५/३६ असं दुहेरी दिसेल. १७५२ पर्यंत इंग्रजी अंमलात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना दोन वर्षं लिहीत. आता मुख्य दुवा. मृत्युपत्रात थोरल्या मुलाला, जॉनला, न्यूजर्सीतली ३०० एकर जमीन दिली आहे. पुढे १७४८ मध्ये लँकेस्टर काउंटीत राहणारा विणकर जॉन लिंकन हीच ३०० एकर विकतो आणि खरेदीखतात स्वतःची ओळख 'मॉर्डेकाय लिंकनचा मुलगा आणि वारस' अशी देतो. हाच जॉन १७६८ मध्ये व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकवर गेला, आणि हाच राष्ट्राध्यक्षाचा पणजोबा. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनिया यांच्यामधली जी कडी लिंकनला सापडली नाही, ती न्यूजर्सीच्या त्या जमिनीत होती. हिंगहॅम आणि रॉकिंगहॅम या दोन टोकांना पत्रं लिहून ती सापडणं शक्यच नव्हतं, कारण मधल्या दोन वसाहतींकडे कोणाचं लक्षच नव्हतं. १८८७ मध्ये सॅम्युएल शॅकफर्डने ही साखळी छापून मांडली.

केंटकीचा भाग मोठा आहे, तो खाली प्रतिसादात लिहितो.

---

ओसरी

वाचनखूण साठवली. चार थॉमस वाचून आमच्या गावातले एकाच नावाचे पाटील आठवले. केंटकी येऊ द्या लवकर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

नकाशावेडा

उत्तम धागा. एक शंका. तुम्ही 'आजच्या बर्क्स काउंटीत' असं म्हणालात. मग १७३६ चं मृत्युपत्र बर्क्सच्या कोर्टात मिळेल का?

---

केंटकीकर

@नकाशावेडा, नाही मिळणार, आणि शंका अगदी मोक्याची आहे. बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. त्याआधी तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता, म्हणून मॉर्डेकायचं मृत्युपत्र फिलाडेल्फियाच्या दप्तरात. लोक जागचे हलले नाहीत तरी त्यांच्याभोवतीच्या काउंट्या हलत राहतात. लिनव्हिल क्रीक १७७८ पर्यंत ऑगस्टा काउंटीत, नंतर रॉकिंगहॅममध्ये. राष्ट्राध्यक्षाचा जन्म १८०९ मध्ये हार्डिन काउंटीत झाला, आज ती जागा लारू काउंटीत आहे, कारण लारू १८४३ मध्ये वेगळी झाली. म्हणून कुठल्याही पूर्वजाचा शोध सुरू करताना प्रत्येक काउंटी कधी आणि कशातून निघाली, याची टिपणी आधी करून घ्यावी.

रॉकिंगहॅमच्या बाबतीत आणखी एक दुःख आहे. यादवी युद्धात जून १८६४ मध्ये कोर्टाची दप्तरं वाचवायची म्हणून गाडीत भरून बाहेर काढली, आणि वाटेत ती गाडी उत्तरेच्या जनरल हंटरच्या सैनिकांनी पेटवली. जे उरलं त्यातल्या बऱ्याच वह्यांच्या कडा जळलेल्या आहेत. अशा वेळी करांच्या याद्या उपयोगी पडतात, कारण त्यांची दुसरी प्रत राज्याच्या राजधानीत जात असे.

---

केंटकीकर

आता केंटकी. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम (जन्म १७४४). व्हर्जिनियात बापाने त्याला लिनव्हिल क्रीकवरची जमीन दिली होती. तेव्हा केंटकी हा व्हर्जिनियाचाच भाग होता, आणि युद्धाच्या खर्चासाठी व्हर्जिनिया सरकार पैसे घेऊन जमिनीची वॉरंटं विकत असे. दर १०० एकरांना ४० पौंड. मार्च १७८० मध्ये कॅप्टन अब्राहमने ४०० एकरांचं वॉरंट घेतलं, क्रमांक ३३३४, किंमत १६० पौंड. हिशेब बरोबर जुळतो.

वॉरंट म्हणजे जमीन नव्हे, एवढं लक्षात ठेवा. वॉरंट म्हणजे जमीन निवडण्याचा हक्क. जागा स्वतः शोधायची, नोंदवायची, मोजून घ्यायची, मग सरकारकडून पट्टा मिळवायचा. म्हणजे चार टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा कागद. यातल्या मोजणीच्या कागदावर माझा विशेष जीव आहे. ७ मे १७८५, जेफरसन काउंटी, लाँग रन. मोजणी 'अब्राहम लिंकहॉर्न'साठी. सुरुवात ओढ्याकाठच्या एका खूण केलेल्या शुगर मेपलपासून. तिथून पूर्वेला ३०० पोल (पोल हे तेव्हाचं लांबीचं माप), एका पॉप्लर आणि मेपलपर्यंत. उत्तरेला २१३⅓ पोल, बीच आणि डॉगवुडपर्यंत. पश्चिमेला ३०० पोल, व्हाइट ओक आणि हिकरीपर्यंत. मग दक्षिणेला २१३⅓ पोल, परत सुरुवातीला. खाली साखळी धरणाऱ्यांची नावं : हननाया लिंकन आणि जोसाया लिंकन. झाडांवर खुणा करणारा : स्वतः अब्राहम.

या एका पानाने लिंकनची १८४८ ची आठवण दुरुस्त होते. त्याने लिहिलं होतं की आजोबा १७८२ ला आले आणि दोन वर्षांनी मारले गेले, म्हणजे १७८४. पण मे १७८५ मध्ये आजोबा आपल्या जमिनीवर कुऱ्हाडीने झाडांवर खुणा करत होते. मृत्यू १७८६ चा. घरातली आठवण सच्चीच असते, फक्त तिचा आकडा तपासून घ्यावा लागतो.

आणि काही महिन्यांच्या फरकाने पुढच्या पिढीचं नशीब ठरलं. व्हर्जिनियाच्या जुन्या कायद्यात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. सर्व मुलांना सारखा वाटा देणारा नवा कायदा १७८५ मध्ये मंजूर झाला, पण लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन अब्राहम मे १७८६ मध्ये गेला. थोरला मॉर्डेकाय वारस झाला आणि धाकट्या थॉमसला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या बापाला, काही मिळालं नाही. पुढे थॉमसच्या मुलाने लिहिलं की आपला बाप लहानपणी काम शोधत भटकणारा पोर होता आणि शिक्षणाविना वाढला. त्या वाक्यामागे या आठ महिन्यांचा हिशेब आहे.

थॉमसने मोठेपणी स्वतःच्या कमाईने जमिनी घेतल्या. १८०३ मध्ये मिल क्रीकवर २३८ एकर, ११८ पौंडांना. १८१४ मध्ये विकताना ती २०० एकरच भरली, कारण जुन्या मोजणीत दोष निघाला, आणि हातात १०० पौंड आले. १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंगची जमीन २०० डॉलर रोख देऊन घेतली. अब्राहमचा जन्म तिथला. त्या जमिनीवर आधीच्या मालकाचा दावा निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मग नॉब क्रीक. तिथे मिडलटन नावाच्या माणसाच्या वारसांनी १०,००० एकरांवर हक्क सांगून ताबा सोडण्याचे दावे लावले, त्यात थॉमसही होता. १८१६ च्या शेवटी तो कुटुंब घेऊन ओहायो नदीपलीकडे इंडियानात गेला. नॉब क्रीकचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तो १८१८ मध्ये, तो निघून गेल्यावर.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लोकांनी थॉमसला आळशी आणि भटक्या ठरवलं. मला हे अन्यायाचं वाटतं. कोर्टाची दप्तरं वाचल्यावर दिसतो तो माणूस तीन वेळा जमिनीवर बसला आणि तिन्ही वेळा दुसऱ्यांच्या चुकीच्या कागदांमुळे उठला. १८६० मध्ये त्याच्या मुलाने स्थलांतराची कारणं दोन दिली : काही अंशी गुलामगिरी, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या मालकीहक्काची अडचण. कागद त्याच्या शब्दाला पुरेपूर साक्ष देतात.

---

दप्तरी

मी निवृत्त भूमापक आहे, राहवेना म्हणून कागद-पेन्सिल घेतली. १ पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोलांचा एक एकर. ३०० गुणिले २१३⅓ म्हणजे ६४,०००. भागिले १६०, बरोबर ४००. जंगलात साखळी ओढूनही कागदावरचा आकडा वॉरंटाला तंतोतंत मिळवला आहे. जमिनीवर तो तसा होता का, ही वेगळी गोष्ट.

खरी गोम चतुःसीमेत आहे. आपल्याकडेही जुन्या खतांत पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा असं असतं. पण शेजारच्या शेताला धरणारं गावचं दप्तर असतं आणि गावाला वहिवाट ठाऊक असते. केंटकीत प्रत्येक जण आपल्या सोयीने झाडापासून झाडापर्यंत मोजत होता आणि दुसऱ्याने कुठून मोजलं ते कोणी पाहत नव्हतं. सरकारी मोजणी आधी झालीच नव्हती. मग एकाच जमिनीवर तीन-तीन दावे पडणारच. झाड पडलं की साक्षीदार गेला.

इंडियानात थॉमसला काय कागद मिळाला, ते सांगाल का?

---

केंटकीकर

@दप्तरी, तुमचा गुणाकार वाचून फार आनंद झाला.

इंडियानात चित्रच वेगळं. १७८५ च्या केंद्रीय कायद्याने ओहायोच्या उत्तरेकडची जमीन विकण्याआधी मोजून चौकोनांत आखली जाऊ लागली. सहा मैल बाजूची टाउनशिप, तिच्यात एकेक मैलाचे ३६ सेक्शन, सेक्शनमध्ये ६४० एकर. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी थॉमस व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत गेला आणि त्याने नोंद केली : टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, सेक्शन ३२ चा नैर्ऋत्य चतुर्थांश. १६० एकर, एकरी २ डॉलर. तेव्हा हप्त्यांची सोय होती. त्या दिवशी १६ डॉलर भरले, डिसेंबरमध्ये आणखी ६४. पुढे निम्मी जमीन सरकारला परत देऊन तिचे भरलेले पैसे उरलेल्या ८० एकरांत वळते केले आणि जून १८२७ मध्ये त्या ८० एकरांचा पट्टा मिळवला.

झाड नाही, ओढा नाही, शेजाऱ्याचं नाव नाही. पण जगात ती जागा एकच. केंटकीत पोळलेल्या माणसाला हा कागद हातात धरून काय वाटलं असेल, याची मला कल्पना करता येते. असे केंद्रीय पट्टे आज जमीन व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. केंटकीची वॉरंटं आणि मोजण्या त्या राज्याच्या सचिवांच्या कार्यालयाने चढवल्या आहेत.

---

हिरवाई

सगळं वाचलं आणि आवडलंही. पण यात बायका कुठे आहेत? हॅना आली ती लग्नापुरती, डेबोरा आली ती मेल्यावर. राष्ट्राध्यक्षाच्या आईचं नाव सात पिढ्यांच्या हिशेबात एकदाही आलं नाही.

---

केंटकीकर

@हिरवाई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुन्हा कायद्यातच आहे. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा मालमत्ता राहत नसे, म्हणून तिच्या नावाचा कागदही होत नसे. एक फट होती. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला एक तृतीयांश हक्क असे, त्यामुळे नवऱ्याने जमीन विकली तर घेणारा बायकोची संमती मागे. व्हर्जिनियात ती संमती नवऱ्याला बाजूला ठेवून, न्यायाधीशांनी वेगळी विचारून घ्यावी असा नियम होता. १७८० मध्ये कॅप्टन अब्राहमने लिनव्हिल क्रीकची जमीन विकली, त्या व्यवहारात बायकोचं नाव येतं : बॅथशेबा. घराण्यात काहींची समजूत होती की त्याची बायको मेरी शिप्ली नावाची होती. ती समजूत या संमतीपुढे टिकत नाही.

राष्ट्राध्यक्षाची आई नॅन्सी हँक्स हिची गोष्ट अधिक अवघड आहे. १८६० नंतर विरोधकांनी उठवलं की थॉमस आणि नॅन्सीचं लग्नच झालं नव्हतं. लोकांनी हार्डिन काउंटीची दप्तरं धुंडाळली, कारण जोडपं तिथे राहत होतं. काही मिळालं नाही. लग्नाचा बाँड (लग्नाआधी जामिनासह लिहून दिलेलं हमीपत्र) १८७८ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टात सापडला. नॅन्सी तिथे बेरी कुटुंबाकडे राहत होती आणि लग्न वधूच्या काउंटीत नोंदवलं गेलं होतं. तारीख १० जून १८०६, रक्कम ५० पौंड, जामीन रिचर्ड बेरी. लग्न १२ जूनला पाद्री जेसी हेडने लावलं. नॅन्सी १८१८ मध्ये गेली आणि लिंकन १८६५ मध्ये. तो कागद सापडला तेव्हा दोघंही नव्हती. इतकी वर्षं तो जागच्या जागी होता, लोक दुसऱ्या कोर्टात शोधत होते.

आता नॅन्सीचे आईबाप. १७९३ मध्ये नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स वारला. त्याच्या मृत्युपत्रात मुलांना एकेक घोडा आणि मुलींना एकेक कालवड आहे. जनावरांना नावं आहेत. एलिझाबेथला 'जेंटल', पॉलीला 'लेडी', नॅन्सीला 'पीडी'. १८९९ मध्ये हे मृत्युपत्र पुढे करून सांगितलं गेलं, की हीच राष्ट्राध्यक्षाची आई. नाव जुळलं, गाव जुळलं, लोक खूश झाले. पण ती नॅन्सी वेगळी, तिचं लग्न लेव्ही हॉलशी झालं होतं.

लिंकनने स्वतः आपला वकिलीतला भागीदार हर्नडन याला १८५० च्या सुमारास सांगितलं होतं, की आई ही ल्यूसी हँक्सची लग्नाबाहेरची मुलगी. या ल्यूसीचं नाव जोसेफच्या मृत्युपत्रात नाही, आणि त्यामुळे ती नेमकी कोणाची मुलगी यावर शंभर वर्षं भांडणं झाली. तिचा एक कागद मात्र आहे. १७९० मध्ये हेन्री स्पॅरोशी लग्नाचा परवाना काढताना तिने चिठ्ठी दिली, की मी सज्ञान आहे आणि माझ्या राजीखुशीने परवानगी देते. बाकीच्या मुलींसाठी बाप किंवा पालक लिहून देत, ल्यूसीने स्वतःचं स्वतः दिलं. माझ्या मते या साऱ्या दप्तरातला सर्वांत धीट कागद हाच.

२०१५ मध्ये आईकडून मुलीकडे जाणाऱ्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नॅन्सीची लेक सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, त्यामुळे नॅन्सीचा थेट धागा तुटलेला. म्हणून ल्यूसीच्या इतर लेकींच्या वंशातल्या आणि जोसेफच्या बायकोच्या, अ‍ॅनच्या, इतर लेकींच्या वंशातल्या हयात व्यक्तींचे नमुने तपासले. दोन्हीकडे 'एक्स१सी' हा दुर्मिळ गट निघाला. म्हणजे ल्यूसी ही जोसेफ आणि अ‍ॅनचीच मुलगी. कालवड मिळालेली नॅन्सी ही राष्ट्राध्यक्षाच्या आईची मावशी ठरते. नॅन्सीच्या बापाचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

---

हिरवाई

ल्यूसीची चिठ्ठी वाचून अंगावर काटा आला. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार.

---

शोधयात्री

दोन गोष्टी जोडतो, कारण त्यांच्याशिवाय हे चित्र अपुरं राहील.

पहिली. ४० पौंडांना १०० एकर विकणाऱ्या व्हर्जिनियाकडे ती जमीन आली कुठून? १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय लोकांनी ओहायोच्या दक्षिणेकडचा हक्क सोडला. पण तिथे शिकार करणारे शॉनी लोक त्या तहाला बांधलेले नव्हते. १७८६ चा हल्ला त्या भांडणातला आहे. मोजणीच्या कागदावर मेपल आहे, हिकरी आहे, शॉनी नाहीत.

दुसरी. कॅप्टन अब्राहमचा भाऊ जेकब लिनव्हिल क्रीकवरच राहिला आणि त्या घरात गुलाम होते. त्यांच्या वंशजांनी शोध कसा घ्यायचा? १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या शिरगणतीत मालकाचं नाव आहे. त्याच्याखाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. सर्वांची नावं पहिल्यांदा येतात १८७० च्या जनगणनेत. त्यामागे जायचं तर मालकाच्या घराण्याचे कागद वाचावे लागतात : मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, वाटण्या. तिथे माणसांची नावं घोड्यांच्या आणि भांड्यांच्या शेजारी किमतीसह मिळतात. युद्धानंतरच्या फ्रीडमन्स ब्यूरोच्या (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या) नोंदी हा दुसरा मोठा आधार. जमिनीच्या मागे जा, हे केंटकीकरांचं म्हणणं इथेही लागू पडतं, फक्त जमीन दुसऱ्याची असते.

---

केंटकीकर

@शोधयात्री, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे येणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना १८७० ची भिंत लागते तेव्हा मी नेमका हाच रस्ता दाखवतो. म्हणून श्वेतवर्णीय घराण्यांच्या वंशजांनीही आपल्याकडची जुनी मृत्युपत्रं आणि याद्या उघड कराव्यात, असं मला कळकळीने वाटतं. त्यांच्या माळ्यावरच्या पेटीत दुसऱ्या कोणाच्या तरी पणजीचं नाव असतं.

---

माहेर_सातारा

धागा वाचून हिंमत आली म्हणून विचारते. माझे यजमान अमेरिकन आहेत, सासर इंडियानाचं. माझ्या मुलाकडे आजोळची वंशावळ आहे, आमच्या कुलवृत्तांतात सगळं छापलेलं. वडिलांच्या बाजूचं विचारलं की सासरे एवढंच सांगतात, की आपण केंटकीहून आलो. खापरपणजोबांपर्यंतची नावं आहेत, त्यापुढे काही नाही. एका संकेतस्थळावर तयार वंशवृक्ष मिळाला, तो थेट इंग्लंडच्या एका सरदारापर्यंत जातो. तो धरावा का?

---

केंटकीकर

@माहेर_सातारा, तो वृक्ष सध्या बाजूला ठेवा. त्यातल्या प्रत्येक दुव्यापुढे कागद जोडलेला आहे का बघा. नसेल तर ती कोणाची तरी इच्छा आहे. कालवडवाल्या नॅन्सीचं उदाहरण वर आहेच.

सुरुवात सासऱ्यांपासून करा आणि एकेक पिढी मागे चला, मधली गाळू नका. त्यांच्या आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मग जनगणना. १९५० पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत. १८९० ची जवळजवळ सगळी १९२१ च्या आगीनंतर गेली, त्यामुळे १८८० ते १९०० मध्ये वीस वर्षांची दरी पडेल, ती काउंटीच्या लग्नाच्या आणि कराच्या नोंदींनी भरून काढावी लागते. १८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्माचं राज्य असतं. थोरली मुलं केंटकीत जन्मलेली आणि धाकटी इंडियानात, असं दिसलं की स्थलांतराचं साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात सापडतं. १८४० आणि त्याआधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे नुसते वयोगटांतले आकडे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर यातलं बरंचसं फुकट आहे, खातं मात्र उघडावं लागेल.

मग इंडियानातला त्यांचा पहिला जमिनीचा पट्टा शोधा. सेक्शन क्रमांक मिळाला की त्याच टाउनशिपमध्ये त्याच दोन-चार वर्षांत जमीन घेणाऱ्यांची नावं काढा. लोक एकेकटे जात नसत. थॉमस लिंकनच्या पाठोपाठ नॅन्सीचे नातलग स्पॅरो इंडियानात आले. ज्या शेजाऱ्यांची केंटकीतली काउंटी कळेल, तीच बहुधा तुमच्या यजमानांच्या पूर्वजांचीही असेल. आडनावाची अक्षरं बदलून बदलून शोधा, लिंकॉर्न आणि लिंकहॉर्न डोळ्यांसमोर ठेवा.

१८५० चं पान सापडलं की कुटुंबाच्या वरची आणि खालची दहा-दहा घरं उतरवून ठेवा, प्रत्येकाच्या जन्माच्या राज्यासकट. कुटुंबाचं नाव इथे देऊ नका, काउंटी आणि टाउनशिप तेवढी सांगा. त्या भागातले केंटकीचे लोक कुठल्या काउंट्यांतून आले ते मी इथल्या कर याद्यांमध्ये बघतो.

---

माहेर_सातारा

रविवारी सासऱ्यांकडे बसते आणि लिहिते. काउंटी ऑरेंज आहे, टाउनशिप विचारून सांगते.